मालिकेत हशा पिकवणारा विनोद गेममध्ये फुसका का ठरतो?

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमची तिघा मित्रांची यूट्यूबवर मराठी विनोदी अ‍ॅनिमेशन मालिका आहे: एक जुना वाडा, त्यातली बिऱ्हाडं आणि सगळ्यांना जेरीस आणणारे चिक्कू घरमालक अप्पा. आता त्याच मालिकेवर तुम्ही पॉइंट-अँड-क्लिक प्रकारचा, म्हणजे पडद्यावरच्या वस्तूंवर क्लिक करत कोडी सोडवायचा साहसी गेम करताय. अप्पा वाड्यातल्या नळाला कुलूप लावतात तो सगळ्यात गाजलेला भाग तुम्ही सुरुवातीलाच कटसीन, म्हणजे खेळ थांबवून नुसता बघायचा प्रसंग, म्हणून घातला. पात्रांची ठरलेली पालुपदं घातली, आवाजही तेच घेतले. ओळखीच्या मंडळींना खेळायला दिलं तर कटसीनला ती खळखळून हसली आणि नंतर तोंड मिटून क्लिक करत बसली. म्हणून तुम्ही विचारताय की संवाद वाढवावेत, की विनोद कमी करून कोडी वाढवावीत.

दोन्ही करू नका, निदान आत्ता तरी. तुमच्या वर्णनावरून मला अडचण दुसरीकडेच दिसते. तुमच्या गेममध्ये सगळा आगाऊपणा पात्रं करतात आणि खेळणाऱ्याच्या वाट्याला राबणं येतं: किल्ली शोध, दार उघड, इथली वस्तू तिथे ने. हसू येतं तेव्हा खेळ थांबलेला असतो आणि खेळ सुरू झाला की हसू थांबतं. मालिकेत विनोद बघायचा असतो, गेममध्ये तो खेळणाऱ्याने स्वतः करायचा असतो. एवढं एक सूत्र धरलं तर पुढचे बरेचसे निर्णय आपोआप सुटतात.

मी पुण्यात बरीच वर्षं गेमसाठी संवाद लिहिते आणि क्वेस्ट, म्हणजे खेळणाऱ्यावर सोपवायच्या मोहिमा, आखते. त्यात दुसऱ्यांच्या पात्रांवरचं, म्हणजे आधीच लोकांच्या ओळखीच्या कार्टूनवरचं कामही असतं. तरी काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून राहतील हे आधीच सांगते. तुमची मालिका लहान मुलांची आहे की मोठ्यांची, खेळणारे जुने प्रेक्षक असतील की अनोळखी, आवाज पुन्हा रेकॉर्ड करणं परवडणार आहे का, आणि तुमचा नायक बोलका आहे की मुका, यावर तपशील बदलतील.

अ‍ॅनिमेशन मालिकेवरच्या विनोदी साहसी गेमचं सगळ्यात अभ्यासण्यासारखं उदाहरण माझ्या मते ‘साउथ पार्क: द स्टिक ऑफ ट्रुथ’. ‘साउथ पार्क’ या अमेरिकी विनोदी कार्टून मालिकेवरचा, २०१४ साली आलेला हा गेम ओब्सिडियन एंटरटेनमेंटने केला आणि युबिसॉफ्टने प्रकाशित केला. लेखन मालिकेचे कर्ते ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांचंच. (गेम फक्त प्रौढांसाठी आहे, घरातल्या लहानांसमोर सुरू करू नका.) तो रोल-प्लेइंग प्रकारचा, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन त्याची ताकद वाढवत न्यायचा आहे, तुमचा पॉइंट-अँड-क्लिक आहे, पण विनोदाची मांडणी दोन्हीकडे तशीच लागते. याआधी १९९८ मध्ये अक्लेमने निन्टेन्डो ६४ वर साउथ पार्कचा एक गेम आणला होता. तो फर्स्ट-पर्सन, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून बघत गोळीबार करायचा गेम होता, त्यातली हत्यारं फक्त मालिकेच्या ढंगाची होती. पात्रं तीच, आवाज तेच, तरी खेळणारा जे करत होता त्यात साउथ पार्कचं असं काहीच नव्हतं. आपल्याकडे छोटा भीम, लिटल सिंघम यांच्यावर जे मोबाइल गेम आले त्यातल्या बऱ्याच धावत्या गेमचंही हेच झालं. चेहरा बदलला की दुसऱ्या कुठल्याही मालिकेला तो गेम लागू पडतो.

‘स्टिक ऑफ ट्रुथ’मध्ये खेळणारा त्या गावात नवीन राहायला आलेला मुलगा असतो. गल्लीतली पोरं माणसं आणि एल्फ अशा दोन टोळ्या करून राजा-राजा खेळतायत, मालिकेतला आगाऊ पोरगा कार्टमन याच्या घराचं मागचं अंगण हा माणसांच्या टोळीचा किल्ला, आणि ज्या जादूच्या काठीसाठी हे सगळं युद्ध चाललंय ती झाडाची साधी काठी आहे. आता बघा, रोल-प्लेइंग गेममधल्या सगळ्या रुक्ष गोष्टी, म्हणजे पातळी वाढवणं, चिलखत बदलणं, आळीपाळीने वार करणं, इथे पोरांच्या खेळाचे नियम झाले आहेत. लढाई शिकवताना कार्टमन बजावतो की मध्ययुगात लढायचे तसं आपापली पाळी येईपर्यंत थांबायचं. त्या क्षणापासून खेळणारा पाळीची वाट बघत उभा राहिला तरी त्या उभं राहण्यातच गंमत आहे, कारण समोरचा शत्रूही नियम पाळून तसाच उभा आहे. गेमचं यंत्र आणि मालिकेचा विनोद एकच झाले.

हा नवीन मुलगा जवळजवळ शेवटपर्यंत एक शब्दही बोलत नाही. लेखक म्हणून मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. नायक मुका असल्यामुळे आजूबाजूच्या प्रत्येकाला त्याच्यावर काहीतरी बोलायची सोय मिळते आणि खेळणाऱ्याला वाटतं की हे मलाच बोलतायत. शिवाय तो गावात नवा आहे, त्यामुळे मालिका न बघितलेल्या माणसालाही दार उघडं राहतं. तुमच्या वाड्यात नवीन भाडेकरू आणता येईल का, याचा विचार करा. अप्पांच्या अटी त्याच्यासोबत खेळणाऱ्यालाही नव्यानेच ऐकायला मिळतील.

आता तुमच्या नळाकडे येते. मालिकेत कुलूप लागतं, सगळे बादल्या घेऊन ताटकळतात, शेवटी अप्पांचीच किल्ली हरवते आणि तेही रांगेत उभे राहतात. छान भाग आहे. तो कटसीनमध्ये पूर्ण दाखवल्यावर खेळणाऱ्याला करायला काय उरलं? म्हणून फक्त कुलूप लागल्याचा ‘खट’ आवाज दाखवा आणि गेम लगेच त्याच्या हातात द्या. उद्दिष्ट सरळ आहे: नळ उघडायचा. उत्तर मात्र अप्पांच्या स्वभावातून निघालं पाहिजे. समजा वाड्यात फिरताना कळतं की अप्पा बरोबर सहाच्या ठोक्याला आंघोळीला बसतात, आणि पाणी वाचवायचं म्हणून आधी सगळ्या अंगाला साबण लावून घेतात. खेळणाऱ्याने गच्चीवरून अप्पांच्या पिंपाची तोटी सोडून ते रिकामं करायचं. सहा वाजतात, आतून आरोळी येते, आणि पंचा गुंडाळलेले अप्पा डोळे घट्ट मिटून किल्ली घेऊन नळाकडे धावतात. डोळ्यात साबण, कुलपाचं भोक सापडत नाही, म्हणून ते हात पुढे करून म्हणतात, "कोण आहे रे तिकडे? जरा एवढं उघडून दे." किल्ली खेळणाऱ्याच्या हातात!

यात कोडं आणि विनोद वेगळे काढता येत नाहीत. खेळणाऱ्याने अप्पांचा चिक्कूपणा ओळखला आणि त्यांच्यावरच उलटवला. पिंपाची तोटी सोडताना तो आधीच हसत असतो, कारण आत काय होणार हे त्याला दिसलेलं असतं. ही वाट पाहण्याची मजा मालिका देऊ शकत नाही, कारण तिथे प्रेक्षक गुन्ह्यात सामील नसतो.

पण खेळणारा सरळ उत्तराकडे जाणार नाही. तो आधी कुलपावर हेअरपिन लावेल, नारळ आपटेल, झाडू फिरवेल. माझ्या अनुभवात विनोदी साहसी गेमचा जीव इथे असतो, चुकीच्या प्रयत्नांमध्ये. आणि नेमकं इथेच नवीन टीम "असं चालणार नाही" हे एकच वाक्य सगळीकडे डकवते. खेळणाऱ्याने खोडी काढली आणि गेमने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही, असं त्याला वाटतं. दोन-तीनदा असं झालं की तो खोड्या काढणं बंद करतो आणि फक्त उत्तर शोधायला लागतो. तुमची मंडळी गप्प झाली ती बहुधा याच कारणाने.

नारळ आणि कुलूप जोडलं तर: "नारळ देवापुढे फोडतात. कुलूप अजून देव झालेलं नाही." झाडू आणि कुलूप जोडलं तर: "कुलूप चकचकीत आहे. अप्पा रोज पुसतात. नळ मात्र गंजलाय." दुसऱ्या वाक्याकडे नीट बघा. त्यात अप्पांचा स्वभाव आहे, आणि अप्पा रोज ठरावीक गोष्टी करतात याची चाहूलही आहे. चुकीच्या प्रयत्नाचं उत्तर असं लिहिता आलं की वेगळी हिंट-यंत्रणा कमी लागते.

तुम्ही म्हणाल, एवढं लिहायचं कधी? पंधरा वस्तू आणि चाळीस जागा धरल्या तरी सहाशे जोड्या होतात. सगळ्या लिहू नका. मी चार थर करते. कुणाच्याही डोक्यात सहज येतील अशा जोड्यांना खास वाक्य. त्याखाली प्रत्येक वस्तूचं स्वतःचं वाक्य, जे कुठल्याही जागी चालेल. त्याखाली प्रत्येक जागेचं स्वतःचं वाक्य, जे कुठल्याही वस्तूला चालेल. आणि अगदी तळाला आलटूनपालटून येणारी सहा-सात सर्वसाधारण वाक्यं. मग बिल्डमध्ये, म्हणजे खेळायला द्यायच्या आवृत्तीत, प्रत्येक फसलेली जोडी फाइलमध्ये नोंदवायची सोय करा. बाहेरच्या लोकांनी खेळल्यावर ती फाइल उघडलीत की लोक खरंच काय करून बघतात ते समोर येतं, आणि खास वाक्यं नेमकी तिथे वाढवता येतात. प्रोग्रामरचं अर्ध्या दिवसाचं हे काम लेखकाचे कित्येक आठवडे वाचवतं.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे पुनरावृत्ती. मालिकेत पालुपद लोकप्रिय होतं कारण ते भागात एकदा-दोनदा येतं आणि दिग्दर्शकाने जागा बघून ठेवलेलं असतं. गेममध्ये खेळणारा त्याच दारावर वीस वेळा क्लिक करतो. २००३ चा ‘द सिम्पसन्स: हिट अँड रन’ बघा. रॅडिकल एंटरटेनमेंटने केलेला, मालिकेच्या लेखकांनी लिहिलेला आणि मूळ कलाकारांनी आवाज दिलेला हा गेम मला मनापासून आवडतो. त्यात गावभर ‘गॅग’ पेरलेले आहेत: एखाद्या वस्तूजवळ जाऊन बटण दाबलं की काहीतरी गमतीदार घडतं, आणि किती गॅग सापडले याची नोंद गेम ठेवतो. म्हणजे विनोद हुडकणं हेच खेळणाऱ्याचं काम झालं. पण त्याच गेममधली शेवटाकडची मिशन घड्याळ लावून पळवतात, हरलं की पुन्हा पहिल्यापासून. तीच शर्यत परत परत पळताना तेच वाक्य कानावर पडलं की कितीही चांगलं असो, त्याचा राग यायला लागतो. लेखकांचा दोष नाही त्यात. ते वाक्य एकदाच ऐकायचं म्हणून लिहिलं गेलं होतं.

माझा नियम असा: पहिल्या वेळी पूर्ण वाक्य, दुसऱ्या वेळी त्याचाच छोटा तुकडा, तिसऱ्या वेळी पात्र त्या पुनरावृत्तीवरच काहीतरी बोलतं, आणि त्यानंतर गप्प. नुसती मान हलवली तरी चालते. न बोलणारं पात्र कंटाळा आणत नाही. तुमच्या अप्पांचं पालुपद तर पूर्ण गेममध्ये मोजक्या ठिकाणीच ठेवा आणि शक्य असेल तर एकदा ते खेळणाऱ्याच्या तोंडी द्या. संवादाच्या पर्यायांमध्ये अप्पांचंच वाक्य अप्पांना ऐकवायची संधी मिळाली की ती कुणी सोडत नाही.

तिसरी गोष्ट टायमिंगची. ही अगदी कारागिरीची बाब आहे आणि तिच्याकडे लक्ष फार कमी जातं. सबटायटल पूर्ण वाक्याचं एकदम दिसलं तर खेळणारा आवाजाच्या आधी वाचून मोकळा होतो आणि शेवटच्या शब्दातली गंमत आवाज तिथे पोचायच्या आधीच संपते. वाक्य दोन तुकड्यांत दाखवा आणि ज्या शब्दावर हसू यायचं तो तुकडा त्याच क्षणी पडद्यावर आणा. क्लिक केल्यावर पात्र आधी खोलीभर चालत जातं आणि मग बोलतं, हाही एक घातक उशीर. डबल क्लिकने पात्र झटकन पोचलं पाहिजे, आणि नुसतं ‘बघणं’ असेल तर त्याने जागेवरूनच बोलावं. संवाद न ऐकता पुढे जायची (स्किप करायची) सोय एकेका वाक्यापुरती ठेवा. पूर्ण संभाषण एका बटणात उडवता आलं तर लोक ते उडवतात आणि मग पुढचं कोडं कळत नाही म्हणून तक्रार करतात.

मराठी टीमला याच ठिकाणी आणखी एक अडचण येते. युनिटी या गेम बनवायच्या इंजिनात काम करत असाल तर त्यातलं अक्षरं दाखवणारं टेक्स्टमेश प्रो देवनागरीची जुळणी आपणहून नीट करत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर जाऊन बसते, जोडाक्षरं सुटी पडतात. "किल्ली" हा शब्दच धड वाचता आला नाही तर त्यावरचा विनोद काय कळणार? त्यासाठी वेगळं प्लगइन लागतं किंवा ओळी चित्र म्हणून घालाव्या लागतात. गोडो ४ या दुसऱ्या इंजिनात जोडाक्षरांची सोय मुळातच आहे. तुम्ही प्रोटोटाइपच्या टप्प्यावर असाल तर ही निवड आत्ताच करा. संवादांचा ढीग लिहून झाल्यावर इंजिन बदलणं जिवावर येतं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: खोडी खेळणाऱ्याच्या हातून घडू दे, प्रत्येक खोडीला गेमकडून दाद मिळू दे, तीच दाद पुन्हा पुन्हा देऊ नका, आणि ती वेळेवर द्या. आता उरलेल्या दोन-तीन गोष्टी, ज्या तुम्ही विचारल्या नाहीत पण तुमच्या वर्णनात डोकावतात.

तुम्ही म्हणालात की जुन्या भागांचे संदर्भ भरपूर घातलेत. संदर्भ ओळखल्याचा आनंद खरा असतो, पण तो क्षणभर टिकतो आणि फक्त जुन्या प्रेक्षकाला होतो. ‘स्टिक ऑफ ट्रुथ’मध्ये जुन्या भागांतल्या वस्तू खच्चून भरल्या आहेत. त्यातल्या बहुतेक कपाटांत, खिशात आणि विकायच्या किरकोळ सामानात सापडतात. कथेच्या मुख्य वाटेवर असं काही नाही की अमुक भाग पाहिला नसेल तर तुम्ही अडाल. तुमच्याकडेही तेच ठेवा: संदर्भ भिंतीवर, फडताळात, माळ्यावर. कोड्याचं उत्तर कधीही जुन्या भागात नको.

जागेचा विचारही आत्ताच करा. साउथ पार्क मालिका १९९७ पासून चालू होती, तरी गावाचा पक्का नकाशा कधी ठरलेला नव्हता, कारण मालिकेत प्रसंगापुरती घरं दाखवून भागत होतं. गेमसाठी तो पहिल्यांदा आखावा लागला. तुमच्या वाड्याचंही तसंच असणार. नळ कुठे, अप्पांची खिडकी कुठे, जिना कुणाच्या दारावरून जातो, हे कागदावर काढा. मग दिसेल की नळावर जाणारा प्रत्येक माणूस अप्पांच्या खिडकीसमोरून जातो की नाही. जात असेल तर तिथे विनोदाची कायमची जागा सापडली. तीन बिऱ्हाडं, एक चौक, एक गच्ची आणि अप्पांची खोली एवढं पुरे आहे. लहान जागेत माणूस परत परत येतो, आणि परत आल्यावर काहीतरी बदललेलं दिसलं की त्याला ती जागा आपली वाटायला लागते.

तुमच्या नायकाबद्दल तुम्ही फारसं लिहिलं नाहीत. तो मालिकेतला तो भोळाभाबडा पुतण्या असेल, तर एक पेच सोडवावा लागेल. खेळणारा डोकं लढवणार आणि पडद्यावरचं पात्र मात्र बिनडोक. १९९५ च्या ‘बीव्हिस अँड बट-हेड इन व्हर्च्युअल स्टुपिडिटी’ या पॉइंट-अँड-क्लिक गेममध्ये हाच पेच होता. गावातल्या टॉड नावाच्या गुंडाच्या टोळीत शिरायचं एवढं एकच ध्येय असलेली, याच नावाच्या कार्टूनमधली ती दोन मठ्ठ पोरं, आवाज त्यांचे निर्माते माइक जज यांचेच. अशा पात्रांबरोबर कोडी लिहिताना मी एक युक्ती वापरते: बेत खेळणाऱ्याचा बरोबर असावा, पण पात्राने तो भलत्याच कारणाने करावा. खेळणारा पिंप रिकामं करायला पुतण्याला पाठवतो. पुतण्या तोटी सोडतो, कारण त्याला खाली कुंडीत वाळत चाललेल्या तुळशीची दया येते. बेत साधतो, पुतण्याचा भोळेपणाही शाबूत राहतो, आणि खेळणाऱ्याला आपण एका निरागस माणसाला कामाला लावलंय याची गुदगुल्या करणारी जाणीव होते.

काम कसं पुढे न्यायचं याबद्दल एक सावधगिरी. साउथ पार्कचा एक भाग साधारण सहा दिवसांत तयार होतो आणि प्रक्षेपणाच्या आदल्या रात्रीपर्यंत बदलत राहतो. गेम असा बनत नाही. एक वाक्य बदललं की रेकॉर्डिंग, ओठांच्या हालचाली, सबटायटल आणि त्यावर अवलंबून असलेलं कोडं, सगळं हलतं. ‘स्टिक ऑफ ट्रुथ’ची तारीख आधी मार्च २०१३ होती, ती पुढे ढकलत ढकलत मार्च २०१४ झाली. यूट्यूबवर तुम्हीही शेवटच्या रात्री संवाद बदलत असाल. म्हणून अंतिम आवाज अगदी शेवटी रेकॉर्ड करा. तोवर तुमच्यापैकीच एकाने फोनवर सगळी पात्रं बोलून काढा आणि त्या कच्च्या आवाजावर प्लेटेस्ट घ्या, म्हणजे लोकांना खेळायला देऊन बघा. कच्च्या आवाजातही लोक हसले तर वाक्य पक्कं.

प्लेटेस्ट घेताना "कसं वाटलं?" असं विचारू नका. ओळखीची माणसं छानच म्हणतात. मागे बसा, गप्प राहा आणि लिहून काढा: हसू कुठे आलं, आणि ते आलं तेव्हा हात माउसवर होता की मांडीवर. मांडीवर असेल तर तो तुमच्या मालिकेचा विनोद आहे. माउसवर असेल तर गेमचा. पहिल्या खेपेला बहुतेक हसू मांडीवरचं निघेल, त्याने खचू नका. नळाचं ते एकच दृश्य हातात घ्या आणि माउसवरचं हसू येईपर्यंत त्यावरच काम करा. बाकीचा वाडा तोवर कागदावर राहू दे.

हक्कांचं कागदावर लिहून घ्या, मित्र असलात तरी. मालिका तिघांची, पण अप्पांचा आवाज देणाऱ्या काकांनी गेमसाठी होकार दिलाय का? ‘स्टिक ऑफ ट्रुथ’चा मूळ प्रकाशक टीएचक्यू मध्येच दिवाळखोरीत गेला आणि जानेवारी २०१३ च्या लिलावात हा अर्धवट गेम युबिसॉफ्टने सुमारे ३२ लाख ६५ हजार डॉलरला घेतला. एवढी मोठी उलथापालथ होऊनही काम तडीस गेलं. तुमच्याकडे एवढी रक्कम गुंतलेली नाही, पण तिघांपैकी एकजण नोकरीसाठी बाहेर पडला तर पात्रं कुणाची, हा प्रश्न तेवढाच खरा असेल.

शेवटी तुम्ही विचारलंय की गेम आधी मोबाइलवर आणावा की स्टीमवर, म्हणजे संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात. तुमचे प्रेक्षक यूट्यूबवर मराठी बघणारे आहेत, म्हणजे बहुतेकांच्या हातात फोनच असणार, त्यामुळे मी मोबाइल म्हणेन. स्टीमवर एका गेमचं शुल्क १०० डॉलर, गुगल प्लेवर खातं उघडताना एकदाच २५ डॉलर, तेव्हा खर्चाचा फरक फार नाही. फरक पडतो तो डिझाइनमध्ये. माउस नुसता वस्तूवर नेला की नाव दिसतं, आणि बरेच लेखक त्या नावातच खोडी करून ठेवतात. बोटाला तशी सोय नसते: एकतर स्पर्श होतो किंवा होत नाही. म्हणून मोबाइल पक्का असेल तर वस्तूंच्या नावांत लपवलेले विनोद आत्ताच ‘बघणं’ या क्रियेच्या वाक्यात हलवा. आणि कुलपासारख्या लहान वस्तूंची स्पर्शाची जागा चित्रापेक्षा मोठी ठेवा, नाहीतर लोक कुलपाऐवजी नळाला बोट लावत बसतील.